वाणसामानाची लांबची वाट

१४ मे २०२२, शनिवार. न्यूयॉर्क राज्यातल्या बफलो शहराच्या पूर्व भागात, जेफरसन अव्हेन्यूवरच्या 'टॉप्स' सुपरमार्केटमध्ये दुपारी आठवड्याची खरेदी चालली होती. एक गोरा तरुण काही तास गाडी चालवत तिथे आला आणि त्याने गोळीबार सुरू केला. दहा जण ठार झाले, दहाही कृष्णवर्णीय. त्याने ही जागा मुद्दाम निवडली होती. आपल्या टप्प्यात कृष्णवर्णीय माणसं एका ठिकाणी सर्वांत जास्त कुठे सापडतील, हे त्याने आधीच शोधून ठेवलं होतं.

ती माणसं नेमकी तिथेच सापडणार होती, कारण त्या परिसरात मोठं किराणा दुकान तेवढं एकच होतं. तेही सहजासहजी आलेलं नव्हतं. रहिवाशांनी वर्षानुवर्षं मागणी लावून धरली, तेव्हा कुठे २००३ साली ते उघडलं. हत्याकांडानंतर दुकान दोन महिने बंद राहिलं आणि शोकात बुडालेल्या वस्तीपुढे आणखी एक प्रश्न उभा राहिला : दूध, अंडी, भाजी आता आणायची कुठून? मोफत अन्नवाटपाची केंद्रं सुरू झाली, दुसऱ्या शाखेपर्यंत लोकांना नेण्यासाठी बस ठेवावी लागली. १५ जुलैला दुकान पुन्हा उघडलं. जिथे आपली माणसं पडली त्या जागी पुन्हा पाऊल टाकवत नाही, असं कित्येकांनी बोलून दाखवलं. पण मग जायचं कुठे?

आपल्याकडे कोपऱ्यावर वाणी असतो, दारावर भाजीवाला येतो, म्हणून या प्रश्नाची धार मराठी वाचकाला एकदम जाणवणार नाही. अमेरिकेतली बहुतेक शहरं मोटारीच्या हिशेबाने वाढली. राहण्याची जागा वेगळी, दुकानांची वेगळी, असं तिथले नियम सांगतात. भाजी, फळं, दूध, मांस, धान्य हे सगळं एका छपराखाली वाजवी दरात देणारं सुपरमार्केट हाच बहुतेकांचा आधार. ते जवळ नसेल तर उरतं पेट्रोल पंपाला जोडलेलं दुकान किंवा दारू, सिगारेट, वेफर्स आणि शीतपेयं विकणारं कोपऱ्यावरचं दुकान. सुपरमार्केट कोणाच्या वस्तीत आहे आणि कोणाच्या वस्तीत नाही, हा गेल्या तीस-पस्तीस वर्षांत संशोधनाचा, राजकारणाचा आणि वादाचा विषय झाला आहे. त्या सगळ्याचा हा आढावा.

नाव आणि मोजमाप

अशा भागांना 'फूड डेझर्ट', म्हणजे अन्नाचं वाळवंट, म्हणण्याची पद्धत १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला स्कॉटलंडमधल्या सरकारी घरांच्या वस्तीतून निघाली आणि ब्रिटिश सरकारच्या कागदपत्रांतून जगभर गेली. अमेरिकी संसदेने २००८च्या शेतीविषयक कायद्यात या प्रश्नाचा अभ्यास करायला सांगितलं आणि २००९ साली तिथल्या कृषी खात्याचा अहवाल आला. सुपरमार्केटपासून एक मैलाहून (सुमारे १.६ किलोमीटर) दूर असलेल्या गरीब भागांत २ कोटी ३५ लाख लोक राहतात, असं त्यात म्हटलं होतं. सुपरमार्केट मैलभराहून दूर आणि घरात गाडीही नाही, अशी कुटुंबं सुमारे २३ लाख निघाली. पुढे खात्याने देशाचा नकाशाच तयार केला. शहरात एक मैल आणि खेड्यात दहा मैल, ही त्यातली ढोबळ मर्यादा.

या मोजमापात वंशाचा प्रश्न थेट दिसत नाही, कारण ते गरिबी आणि अंतर एवढंच बघतं. तो दिसतो दुसऱ्या अभ्यासांत. २००२ साली किंबर्ली मॉरलंड आणि सहकाऱ्यांना गोऱ्यांच्या वस्त्यांत कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांच्या चौपट सुपरमार्केट आढळली. शॅनन झेंक आणि सहकाऱ्यांनी २००५ साली डेट्रॉइटमधल्या सर्वांत गरीब वस्त्यांची आपसांत तुलना केली. गरिबी सारखीच असूनही कृष्णवर्णीयांच्या वस्तीपासून सुपरमार्केट सरासरी १.१ मैल अधिक दूर होतं. २००७ साली लिसा पॉवेल आणि सहकाऱ्यांनी देशभरची आकडेवारी तपासली. उत्पन्न वगैरे बाबी जमेस धरूनही साखळी सुपरमार्केटची उपलब्धता कृष्णवर्णीय वस्त्यांत गोऱ्यांच्या तुलनेत ५२ टक्के, तर हिस्पॅनिक वस्त्यांत बिगर-हिस्पॅनिक वस्त्यांच्या तुलनेत ३२ टक्केच निघाली. लोक गरीब आहेत म्हणून दुकान नाही, हे उत्तर अपुरं आहे, हे या अभ्यासांनी दाखवून दिलं.

मोजमापाची दुसरी अडचण अशी की कृषी खात्याच्या व्याख्येत वर्षाला किमान २० लाख डॉलरची विक्री असलेलं दुकानच सुपरमार्केट म्हणून धरलं जातं. मेक्सिकन कुटुंबाचं ताज्या भाजीचं दुकान किंवा चिनी वस्तीतली मासळीची मंडई या नकाशावर उमटत नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरातल्या एका अभ्यासात, २००७ साली, अशी छोटी दुकानं स्थलांतरितांच्या वस्त्यांना स्वस्त आणि त्यांच्या चवीचं अन्न उत्तम पुरवतात असं दिसलं. वाळवंट म्हणून रंगवलेल्या जागी कधी कधी माणसांनी स्वतः विहिरी खणलेल्या असतात.

'वाळवंट' या शब्दावरच अनेकांचा आक्षेप आहे. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात सामुदायिक बागा उभ्या करणाऱ्या कॅरेन वॉशिंग्टन 'फूड अपार्थाइड', म्हणजे अन्नातला वर्णभेद, असा शब्द वापरतात. वाळवंट निसर्गाने घडवलेलं असतं, ही स्थिती मात्र माणसांच्या निर्णयांनी आली आहे, हा त्यांचा मुद्दा. इतिहास पाहिला की तो पटतो.

लाल रेघेपासून डॉलर स्टोअरपर्यंत

१९३३ साली, महामंदीच्या काळात, गृहकर्जदारांना वाचवण्यासाठी अमेरिकी सरकारने 'होम ओनर्स लोन कॉर्पोरेशन' स्थापन केलं. त्या संस्थेने दोनशेहून अधिक शहरांचे नकाशे काढले आणि त्यांत वस्त्या हिरव्या, निळ्या, पिवळ्या आणि लाल रंगांत रंगवल्या. लाल म्हणजे पैसे बुडण्याचा धोका. कृष्णवर्णीय राहतात तो भाग जवळजवळ नेमाने लाल, म्हणूनच या भेदाला 'लाल रेघ' म्हणतात. १९३४ साली आलेल्या 'फेडरल हाउसिंग अ‍ॅडमिनिस्ट्रेशन'ने कर्जाला हमी देताना हाच भेद पाळला. त्यामुळे गोऱ्या कुटुंबांना उपनगरात नवं घर सहज घेता आलं, कृष्णवर्णीयांना नाही. घरखरेदीतला हा भेदभाव कायद्याने बंद व्हायला १९६८ साल उजाडलं.

गोरी कुटुंबं बाहेर गेली, त्यांच्या मागून सुपरमार्केटही गेली. दुकानाचा साचाच बदलत होता : मोठी इमारत, तिच्याभोवती त्याहून मोठा वाहनतळ, शेजारी महामार्ग. जुन्या शहरातल्या चिंचोळ्या जागांवरची दुकानं एकेक करून बंद झाली. जे महामार्ग उपनगरांना जोडत होते तेच जुन्या वस्त्या चिरत गेले. बफलोत उद्यानरचनाकार फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेडने आखलेला, झाडांच्या रांगांचा हंबोल्ट पार्कवे १९६०च्या दशकात खणून तिथे केन्सिंग्टन द्रुतगती मार्ग काढला गेला. त्याच्या दोन्ही बाजूंना फुटलेली वस्ती म्हणजेच पूर्व बफलो.

राहिलेल्या दुकानांबद्दल लोकांच्या मनात राग साचत होता. १९६७च्या दंगलींची कारणं शोधणाऱ्या कर्नर आयोगाने १९६८च्या अहवालात वस्तीतल्या दुकानदारांकडून होणाऱ्या पिळवणुकीची तक्रार नोंदवली आहे : जास्त दर, हलका माल. पुढे ही छोटी दुकानं बरीचशी स्थलांतरितांच्या हाती आली. लॉस एंजेलिसमध्ये कोरियन, डेट्रॉइटमध्ये इराकहून आलेले काल्डियन, तर इतर अनेक शहरांत आपले भारतीयही. काही ठिकाणी जिव्हाळा जमला, काही ठिकाणी गोळीरोधक काचेमागून व्यवहार होऊ लागले. १९९१ साली लॉस एंजेलिसच्या एका दुकानात, संत्र्याच्या रसाच्या बाटलीवरून झालेल्या झटापटीनंतर, १५ वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलीला कोरियन दुकानदारणीने गोळी घातली. पुढच्या वर्षीच्या दंगलीत जळालेल्या कोरियन दुकानांमागे हाही संताप होता.

तिसरं कारण बाजाराच्या नियमांत आहे आणि त्याची चर्चा अलीकडे जोरात सुरू झाली आहे. १९३६च्या रॉबिन्सन-पॅटमन कायद्याने घाऊक पुरवठादारांना बड्या साखळी दुकानांना एक भाव आणि लहान दुकानाला दुसरा, असा भेद करायला मनाई केली होती. १९८०च्या दशकात सरकारने या कायद्याची अंमलबजावणी जवळजवळ सोडून दिली. बाजारातल्या मक्तेदारीच्या अभ्यासक स्टेसी मिचेल यांच्या मते अन्नाची वाळवंटं पसरण्याचं खरं कारण हेच आहे. बड्या साखळ्यांनी पुरवठादारांकडून सवलती पिळून घेतल्या, पुरवठादारांनी ती तूट लहान दुकानांवर टाकली, आणि वस्तीतला स्वतंत्र किराणेवाला टिकेना. किराण्याच्या धंद्यात शंभर डॉलरच्या विक्रीवर एक ते तीन डॉलर नफा सुटतो, त्यामुळे घाऊक दरातला थोडा फरकही दुकान बुडवायला पुरेसा होतो. हे एकमेव कारण आहे असं मला वाटत नाही, कारण लाल रेघ त्याच्या कितीतरी आधी ओढली गेली होती. पण साखळ्या सोडून गेल्यावर स्थानिकांनी ती पोकळी का भरली नाही, याचं उत्तर त्यात मिळतं.

त्यात भर पडली जमिनीच्या करारांची. दुकान बंद करून जागा विकताना काही साखळ्या खरेदीखतात अट घालतात की या जागेवर पुढे किराणा दुकान काढता येणार नाही. आपण जायचं आणि दुसऱ्यालाही येऊ द्यायचं नाही, असा हा प्रकार.

आणि शेवटी आली डॉलर स्टोअर, म्हणजे स्वस्त वस्तूंची साखळी दुकानं. एकट्या 'डॉलर जनरल'ची वीस हजारांहून अधिक दुकानं आहेत. डबाबंद आणि पाकीटबंद माल, छोटी पुडकी, दोन-तीन नोकर, ताजी भाजी बहुतेक ठिकाणी नाहीच. छोटं पुडकं स्वस्त दिसतं, पण वजनाच्या हिशेबात बरेचदा महाग पडतं. आसपास अशी चार दुकानं झाली की सुपरमार्केट काढू पाहणाऱ्याचं गणित जमत नाही, कारण टिकाऊ मालाची विक्री गेली की ताज्या मालाच्या नासाडीचा बोजा उचलायला काही उरत नाही.

दुकान उघडलं, पुढे काय?

उपाय सरळ वाटत होता : सरकारने पैसे घालावेत आणि दुकान आणावं. पेनसिल्व्हेनियाने २००४ साली तीन कोटी डॉलर देऊन अशी योजना सुरू केली आणि राज्यभरात ८८ प्रकल्पांना हात दिला. फिलाडेल्फियात जेफ ब्राउन यांनी दुर्लक्षित वस्त्यांत सुपरमार्केट काढताना आधी लोकांना विचारलं की तुम्हाला काय हवं, आणि त्याप्रमाणे हलाल मांसापासून आफ्रिकी जिन्नसांपर्यंत माल ठेवला. मिशेल ओबामा यांनी २०१०च्या 'लेट्स मूव्ह' या मुलांच्या आरोग्याच्या मोहिमेत हा प्रश्न घेतला, आणि पेनसिल्व्हेनियाच्या धर्तीवर केंद्र सरकारची योजनाही आली.

शिकागोच्या दक्षिण भागातल्या एंगलवूडची कहाणी सर्वांत गाजली. त्रेसष्टावा रस्ता आणि हॉलस्टेड स्ट्रीट यांचा चौक एके काळी शहरातला मोठा बाजार होता, पुढे उजाड झाला. महापालिकेने एक कोटी डॉलरहून अधिक मदत दिली आणि सप्टेंबर २०१६ मध्ये तिथे 'होल फूड्स' हे उच्चभ्रूंचं मानलं जाणारं दुकान उघडलं. लोकांनी ते आपलं मानलं. २०२२च्या नोव्हेंबरमध्ये कंपनीने ते बंद केलं. त्या जागी २०२४ साली एक स्वस्त साखळी दुकान आलं, तेही रहिवाशांच्या विरोधाला न जुमानता. पिट्सबर्गच्या हिल डिस्ट्रिक्टमध्ये सुमारे तीस वर्षांच्या प्रतीक्षेनंतर २०१३ साली सुपरमार्केट आलं आणि २०१९ साली बंद पडलं.

दरम्यान संशोधकांनी वेगळाच प्रश्न विचारला : दुकान आल्यावर माणसं निरोगी होतात का? स्टीव्हन कमिन्स आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली फिलाडेल्फियातल्या एका नव्या सुपरमार्केटचा परिणाम तपासला. खाण्यापिण्यात किंवा वजनात फरक दिसला नाही. पिट्सबर्गच्या हिल डिस्ट्रिक्टमधल्या दुकानाच्या अभ्यासात आहार थोडा सुधारला, साखर कमी झाली, पण नव्या दुकानात नेमाने जाणारे आणि न जाणारे यांच्यात भेद आढळला नाही. आणि २०१९ साली हंट ऑलकॉट, रिबेका डायमंड आणि सहकाऱ्यांनी लाखो खरेदीच्या नोंदी तपासून निष्कर्ष काढला : गरीब कुटुंबांना श्रीमंतांइतकीच दुकानं आणि तेच दर उपलब्ध करून दिले, तरी पोषणातली दरी सुमारे दहा टक्केच कमी होईल. बाकीची नव्वद टक्के दरी मागणीतल्या फरकातून येते. जवळ दुकान नसलेली कुटुंबंही बहुतेक खरेदी लांबच्या सुपरमार्केटातूनच करत होती. नवं दुकान आल्यावर ती फक्त जवळच्या दुकानात जाऊ लागली, टोपलीतल्या वस्तू जवळपास त्याच राहिल्या.

हे निष्कर्ष काळजीपूर्वक काढलेले आहेत आणि ते झटकून टाकणं योग्य नाही. दुकान उघडलं की मधुमेह आणि लठ्ठपणा आपोआप हटेल, असं ज्यांनी सांगितलं त्यांनी चुकीचं आश्वासन दिलं. पण या अभ्यासांवरून 'मग दुकानाचा आग्रह कशाला' असं म्हणणाऱ्यांशी माझा ठाम मतभेद आहे.

श्रीमंत उपनगरात नवं सुपरमार्केट उघडतं तेव्हा तिथल्या लोकांचं वजन उतरलं का, हे कोणी तपासायला जात नाही. दुकान माणसांच्या सोयीसाठी असतं, हे तिथे गृहीतच असतं. कृष्णवर्णीय वस्तीत मात्र तेच दुकान औषधासारखं तपासलं जातं आणि गुण आला नाही म्हणून नापास ठरतं. मोजायचंच असेल तर हे मोजावं : दोन बस बदलून, हातात पिशव्या घेऊन येणाऱ्या आजीबाईंचे किती तास वाचले? गाडीवाल्या शेजाऱ्याला किंवा टॅक्सीला द्यावे लागणारे किती डॉलर वाचले? अमेरिकेत गाडी नसलेल्या कुटुंबांचं प्रमाण गोऱ्यांपेक्षा कृष्णवर्णीयांत कितीतरी जास्त आहे. लोक लांबून का होईना भाजी आणतच होते, हे संशोधन सांगतं. म्हणजेच अनेक दशकं ते त्या अंतराची किंमत निमूट भरत आले आहेत.

शिवाय मागणी आकाशातून पडत नाही. पिढ्यानपिढ्या जवळ जे मिळालं त्यावरच जीभ घडते. अमेरिकेतल्या मूलनिवासी नवाहो लोकांचं उदाहरण यात सर्वांत बोलकं आहे. १८६४ साली अमेरिकी सैन्याने त्यांना त्यांच्या भूमीतून पायी हाकललं आणि छावणीत त्यांना मैदा, साखर, चरबी असा शिधा मिळाला. त्यातून जन्मलेली तळलेली पोळी, 'फ्राय ब्रेड', आज त्यांचा पारंपरिक पदार्थ म्हणून ओळखली जाते. ही आवड त्यांनी मुळात निवडलेली नव्हती.

वस्तीच्या हातातले उपाय

नवाहोंचा प्रदेश सुमारे ७० हजार चौरस किलोमीटरचा आहे, म्हणजे आपल्या मराठवाड्याहून मोठा. तेवढ्या भागात मोठी किराणा दुकानं जेमतेम तेरा. २०१४ साली नवाहो राष्ट्राने, म्हणजे त्यांच्या स्वतःच्या शासनाने, ताज्या फळभाज्यांवरचा विक्रीकर काढला आणि चटकमटक, साखरेच्या पदार्थांवर दोन टक्के जादा कर बसवला. तो पैसा गावोगावच्या आरोग्याच्या कामाला जातो.

ओक्लाहोमातल्या उत्तर टल्सामध्ये, जिथे १९२१ साली ग्रीनवूडची भरभराटीची कृष्णवर्णीय पेठ गोऱ्या जमावाने जाळली, तिथे नगरसेविका व्हेनेसा हॉल-हार्पर यांच्या पुढाकाराने २०१८ साली डॉलर स्टोअरच्या गर्दीवर नियमाने मर्यादा आली. २०२१ साली, त्या जळिताला शंभर वर्षं झाली तेव्हा, तिथे 'ओएसिस फ्रेश मार्केट' उघडलं.

पैशाच्या बाजूने काही शांत पण परिणामकारक बदल झाले. गरोदर स्त्रिया आणि लहान मुलांसाठीच्या 'विक' योजनेत २००९ साली फळं, भाज्या आणि अख्ख्या धान्याचे पदार्थ आले, आणि योजनेचा माल विकायचा तर दुकानदाराला ते ठेवणं भाग पडलं. छोट्या दुकानांच्या फळ्या त्यामुळे खरोखर बदलल्या. त्याच वर्षी डेट्रॉइटमध्ये सुरू झालेल्या 'डबल अप फूड बक्स'ने सरकारी अन्नमदतीतून भाजी घेतली तर तेवढ्याच रकमेची भाजी आणखी देऊ केली. सुमारे चार कोटी लोक अन्नमदतीवर आहेत, तेव्हा ती भाजीकडे वळवणं हे ऑलकॉट आणि सहकाऱ्यांच्या निष्कर्षाशीही जुळतं. त्यांनी स्वतः सकस अन्नावरच्या सवलतीचाच हिशेब मांडला आहे.

मालकीचा प्रश्न सर्वांत अवघड आहे. १९६९ साली मिसिसिपीत फॅनी लू हेमर यांनी 'फ्रीडम फार्म' ही सहकारी शेती उभी केली, तेव्हापासून कृष्णवर्णीय चळवळीत हा धागा आहे : ज्याच्या हाती अन्न, त्याच्या हाती मान. मलिक याकिनी यांच्या पुढाकाराने २००६ साली डेट्रॉइटमध्ये कृष्णवर्णीयांच्या अन्नसुरक्षेसाठी संघटना उभी राहिली. तिने आधी शेती केली आणि दशकाहून अधिक काळ तयारी करून २०२४ साली सभासदांच्या मालकीचं 'डेट्रॉइट पीपल्स फूड को-ऑप' उघडलं. अपना बाजार आणि ग्राहक पंचायत ठाऊक असलेल्या मराठी वाचकाला ही वाट ओळखीची वाटेल, आणि तिचे खड्डेही. नॉर्थ कॅरोलिनातल्या ग्रीन्सबरोत, साखळी दुकान गेल्यावर अठरा वर्षांनी लोकांनी काढलेलं सहकारी दुकान २०१६ साली उघडलं आणि २०१९च्या सुरुवातीला बंद पडलं. बड्या साखळीच्या दरात माल मिळत नसेल, तर नुसत्या जिद्दीवर दुकान चालत नाही.

सरकारी दुकानांचा अनुभवही संमिश्र आहे. फ्लोरिडातल्या बाल्डविन गावाने २०१९ साली स्वतःचं दुकान काढलं आणि पाच वर्षांत बंद केलं. कॅन्सस सिटीत महापालिकेच्या जागेत, तिच्या मदतीने चाललेलं दुकान २०२५ साली बंद झालं. न्यूयॉर्कमध्ये झोहरान ममदानी यांनी त्याच वर्षीच्या महापौरपदाच्या निवडणुकीत शहराच्या पाचही विभागांत महापालिकेचं एकेक दुकान काढण्याचं वचन दिलं आणि ते निवडून आले. सहकारी आणि सरकारी दुकानांची ही अपयशं पाहिली की एक गोष्ट स्पष्ट होते : एकेकटं दुकान वाचवून भागत नाही; घाऊक खरेदीची समान अट, खरेदीखतांतल्या मनाईला बंदी आणि लोकांच्या हातातला पैसा, या तिन्ही गोष्टी एकत्र आल्याशिवाय कोणतंही दुकान, कोणाच्याही मालकीचं असो, तग धरणार नाही.

पुन्हा बफलोत यायला हवं. २०२२च्या उन्हाळ्यात तिथल्या काही रहिवाशांचं म्हणणं साधं होतं : हेच दुकान पुन्हा उघडून भागणार नाही, आम्हाला दुसरंही द्या. उपनगरातला माणूस एखाद्या दुकानात अपमान झाला, भाजी शिळी निघाली किंवा नुसतं मन लागलं नाही, तरी पुढच्या चौकातल्या दुकानात जातो. जेफरसन अव्हेन्यूवरच्या माणसाला स्वतःच्या बहिणीचा खून झाला ती जागा टाळण्याचीही सोय नव्हती. नकाशावरच्या मैलांपेक्षा ही परीक्षा मला जास्त खरी वाटते. ज्या दिवशी त्या वस्तीतली एखादी बाई 'इथे नको, तिथून घेऊ' असं सहज म्हणेल आणि पिशवी घेऊन चालत दुसरीकडे जाईल, त्या दिवशी हा प्रश्न सुटायला लागला असं म्हणता येईल.